बशीत उतरलेली चकाकी

फार जुनी गोष्ट, एका बेकरीतल्या काचेच्या कपाटातली. बेकरीवाल्या फिलोमिनाबाईंनी केकवरच्या फळांना ब्रशने साखरेच्या पाकाची पारदर्शक चकाकी लावली. गिऱ्हाइकं म्हणत, "काय स्ट्रॉबेरी आहे!" चकाकी मात्र कुणालाच दिसेना.

"मीही आहे गं इथे," ती हळूच म्हणाली.

"कुठे? दिसत तर नाहीस!" स्ट्रॉबेरी हसली.

चकाकीला ते लागलं. अजून ओलीच होती. ओघळत ती एकटीच केकखालच्या बशीत उतरली आणि तिथेच थिजली.

चकाकीचं आवरण गेल्याने दुपारपर्यंत स्ट्रॉबेरी सुकली. "वर ये ना गं," ती विनवू लागली. पण थिजलेल्या चकाकीला हलता येईना.

संध्याकाळी फिलोमिनाबाई वाकल्या. चकाकी हरखली, अखेर कुणीतरी तिच्याकडे पाहत होतं.

"बशीला हे काय चिकटलंय?" म्हणत बाईंनी ओलं फडकं उचललं.