रेणूंची रेघ

“आणि रेघ नसलीच तर, मास्तर?”

“तर नसेल. फाईल उघड.”

ऋजुता मयेकरचं बोट हलेना. आठ वर्षं जर्मनीत शिकून ती गेल्याच महिन्यात मालवणला परतली होती. मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचा एक तेजोमेघ. त्यात अजून रेणू शिल्लक आहेत, हा तिचा दावा. ताऱ्याच्या उघड्या पडलेल्या गाभ्याचे किरण इतके प्रखर, की रेणूंच्या कधीच चिंधड्या उडाल्या असणार, असं तिथले प्राध्यापक म्हणत. “स्मशानात संसार शोधतेस,” म्हणून हसलेही होते.

दुर्बिणीचे शेवटचे सहा तास तिला मिळाले होते. त्यांचं फळ या फाईलीत होतं. आलेखात रेणूंची खूण असलेली उभी रेघ नसेल, तर दावा मागे घ्यायचा.

फाईल उघडायला ती तांडेल मास्तरांच्या पडवीत आली होती. तारे तिला पहिल्यांदा त्यांनीच दाखवले होते.

“काय गो, एवढ्या जर्मनांना घाबरली नाहीस, नि फाईलीला घाबरतेस?”

तिने बटण दाबलं.

खडबडीत आलेखातून एक रेघ ताठ उभी होती.

...

“आहेत!” ती ओरडली. “मास्तर, आहेत! वायूच्या दाट गाठींच्या आड राहून तगलेत. एवढ्या आगीत तगलेत!”

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. आत जाऊन नारळ आणला आणि तिच्या हातात दिला.

“फोडते,” ती म्हणाली.

मास्तरांनी नारळ काढून घेतला.

“चुकलं, चुकलं... वाढवते.”

नारळ परत मिळाला. पायरीवर एका घावात दोन शकलं झाली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तिला हसू आवरेना.

“आता लिहिणार! मराठीतसुद्धा, इथल्या मुलांसाठी. पहिलं वाक्य ठरलंय, ‘तारा फुटला, विखुरला, संपला, आणि तरीही...’”

खोबरं काढणारी मास्तरांची सुरी थांबली.

ऋजुता पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिली.

“...तारा वाढला,” ती हलकेच म्हणाली.

मास्तरांनी खोबऱ्याचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

“हां, असं लिही. नव्या ताऱ्यांची पंगत बसायचीय अजून.”