राजकन्येच्या पायाला मुंग्या

एका राज्यात राजा होता, राणी होती, मुदपाकखान्याची चूल कधी विझत नव्हती. पण सात वर्षांत त्या चुलीवर भाजीची फोडणी म्हणून पडली नव्हती.

त्याचं झालं असं. राजा मकरंदसेनाला एका गोडबोल्या मांत्रिकानं सोन्याचं ताट नजर केलं. समोर बसावं, नाव घ्यावं, की अनारसे, जिलबी, श्रीखंड हजर. अट एकच, हिरवं पान की रसाचं फळ त्यात पडता कामा नये. पडलं तर ताटाचं तेज जाईल. राजा भुलला. ताटाची डावी-उजवी ओस पडली, ना कोशिंबीर, ना भाजी. पाला हा गुरांचा चारा, अशी दवंडी पिटली, मळे उपटले, बागा तोडल्या. राणी वेणावतीला हे रुचलं नाही, पण ती गप्प बसली.

लेक रेवाचं उष्टावण त्याच ताटात झालं आणि पोर त्याच ताटावर वाढली. सातवं लागलं तशा तिच्या हिरड्या रक्ताळू लागल्या. एके सकाळी ती म्हणाली, "आईसाहेब, पायाला मुंग्या आल्यात."

राणीला वाटलं, पाय दुमडून निजली असेल. पाय झटक, जातील, असं सांगून ती पूजेला बसली. दाई तेल चोळायला गेली, पांघरूण सारलं, आणि तिनं राणीला हाक मारली. मुंग्या खरोखरीच्या होत्या. उंबरठ्यावरून रांग लागली होती आणि पोरीच्या टाचा त्या कणाकणानं उचलून नेत होत्या. घोट्यापर्यंत पाय पांढरेफटक, खडे खडे. राणीनं बोट फिरवून जिभेला लावलं. खडीसाखर होती.

राणीचे डोळेच पांढरे झाले.

खिडकीबाहेरच्या वाळक्या उंबरावर तांबट पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोलला. "राणी, ताट शापाचं आहे. एक आंबट, एक कडू, एक तिखट, असे तीन जिन्नस दिवस बुडायच्या आत आण. पोरीनं आपखुशीनं खाल्ले तर ती वाचेल. साखर काळजाला पोचली तर नाही."

"मिळतील कुठे?"

"जिथवर तुमची दवंडी पोचली नाही, तिथे."

दाईला मुंग्या झाडत बसवून राणी अनवाणी निघाली. रानात आवळीचं झाड लागलं. हात घातला, तर फांदी वर गेली. आधी स्वतः खा, मग ने, झाड म्हणालं. सात वर्षं गोडावलेली जीभ ती. आवळा दाताखाली येताच सर्वांगाला शहारा आला. वर ओंजळभर पाणी प्याली, तर पाणीच गोड लागलं. राणी थक्क झाली. इतकं गोड तर त्या ताटातही नव्हतं.

पुढे कारल्याचा वेल. त्यानं तिच्या मनगटाला विळखा घातला. म्हणाला, नावं ठेवायला आली असशील, तर ठेव आणि चालू लाग. राणी म्हणाली, नावं ठेवायला माझी जीभ कुठली शहाणी राहिली आहे? वेलाला हसू आलं. विळखा सुटला आणि दोन कारली ओटीत पडली.

तिसरा मुळा. पाला धरून ओढला, तर खालून कुणी ओढलं. राणी कोपरापर्यंत मातीत गेली, खांद्यापर्यंत गेली. "कोण गं तू?" जमिनीनं विचारलं.

"गप्प बसलेली आई."

जमिनीनं आधी तिचा हात सोडला. मग मुळा सोडला.

राणी परतली तेव्हा साखर पोरीच्या छातीला लागली होती आणि राजा तिच्या उशाशी बसला होता. राणीनं स्वतः कारलं परतलं, मुळा चिरला, आवळा फोडला. रेवानं वास घेतला आणि ओठ मिटले ते मिटले. दाईनं विनवलं, राणीनं पदर पसरला. शेवटी पोर म्हणाली, "हा तर गुरांचा चारा. आबासाहेब खातात का? ते खातील, तर मी खाईन."

साऱ्यांच्या माना राजाकडे वळल्या. सात लढाया मारलेला राजा, कारल्याच्या एका फोडीपुढे घामाघूम झाला. "ताटाचं तेज जाईल," तो पुटपुटला.

"महाराज," राणी म्हणाली, "तेज आता ताटालाच उरलं आहे. लेकीकडे बघा."

राजानं बघितलं. फोड उचलली, सोन्याच्या ताटात ठेवली आणि तिथूनच खाल्ली. तोंड असं वाकडं झालं की रेवा खुदकन हसली, आणि हसता हसता तिनंही फोड तोंडात टाकली. ताट कडाडून दुभंगलं. आत सोनं नव्हतं, राख होती. मुळ्यानं पोरीच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, आवळ्यानं दात आंबले, पण साखर विरघळत खाली उतरली. छाती सुटली, कंबर सुटली, पाय मोकळे झाले. टाचांना तेवढे दोन खळगे राहिले. नेलेलं काही परत येत नसतं.

दुसऱ्या दिवशी नवी दवंडी पिटली. मळे पेरले, बागा धरल्या, आणि पहिलं आळं राजानं आपल्या हातानं केलं. कारलं त्याला पुढेही कधी आवडलं नाही. पण लेक पंगतीला बसली की पहिला घास तो भाजीचा घेई, आणि तोंड वाकडं न करता गिळी.

राजाची लेक जशी पायांवर उभी राहिली, तशी घरोघरची लेकरं उभी राहोत. वडीलधारे जे खातील ते धाकटे खातील. ज्याच्या घरी फळ, त्याचीच कहाणी सुफळ.