कालचीच चव

गोष्ट जुनी आहे. भूमध्य समुद्राच्या काठी, द्राक्षांचे मळे थेट पाण्यापर्यंत उतरतात अशा मुलखात एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भलं मोठं खारं तळं आणि मधे वाळूची अरुंद पट्टी. पट्टीत एकाच ठिकाणी खिंड होती. तिला गावकरी 'तोंड' म्हणत. तोंडातून समुद्राचं पाणी तळ्यात ये-जा करी, म्हणून तळं जिवंत राही. तळ्यात दोर सोडून त्यांवर कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवायचे, हाच गावाचा धंदा.

पण कधी कधी पाण्याखाली वाळू साचून तोंड बुजे. गावापासून ते लांब, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नसे. मग तळ्याचं पाणी कुबट होई आणि आठ-दहा दिवसांत कालवं मरून जात. पाणी बिघडलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असे. जिभेला मात्र आधी कळे. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. सकाळी पहिली होडी सोडण्याचा मान ज्याचा, त्याने ओंजळभर पाणी चाखायचं आणि चव गावाला सांगायची.

पहिल्या होडीचा मान एका कालववाल्या बाईकडे होता. बाई कष्टाळू, बोलायला गोड, आणि मान मोठा म्हणून थोडी ताठ. तिला रस्त्यात कुणीही विचारी, "बाई, चव कशी?"

"कालचीच," ती म्हणे.

"कालचीच" म्हणजे सगळं ठीक. ऐकणारा पुढच्याला सांगे, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि गाव निर्धास्त कामाला लागे.

आता खरं सांगायचं तर बाईने गेल्या हिवाळ्यापासून पाणी चाखलंच नव्हतं. तेव्हा तिची दाढ दुखत होती आणि गार पाण्याने कळ मस्तकात जाई. एक दिवस तिने न चाखताच "कालचीच" म्हणून टाकलं. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे दाढ पडली, दुखणं गेलं, पण सवय राहिली. कधी कधी तिच्या मनाला ते टोचे. मग ती दोर जरा जास्त जोराने ओढी.

उन्हाळ्यात गावात एक पाहुणा आला. देशोदेशीच्या गावांची माहिती तो वहीत लिहून घेई आणि प्रश्न विचारून माणसाला भंडावून सोडी. पहिल्याच सकाळी त्याने बाईला धक्क्यावर गाठलं.

"बाई, कालचीच म्हणजे कशी हो? खारट? तुरट? थोडी गोडसर?"

बाई गडबडली. "कामाच्या वेळी काय हे! नावाड्याला विचारा."

पाहुणा गेला. बाईला वाटलं, सुटले. पण दुपारी तो घामाघूम होऊन परत आला.

"बाई, मजाच आहे तुमच्या गावाची. नावाडी म्हणाला, मला जाळंवाल्याने सांगितलं. जाळंवाला म्हणाला, मला मिठागरवाल्याने. आणि मिठागरवाला म्हणाला, अहो, पहिली होडी बाईची, तिनेच सांगितलं! म्हणजे अख्ख्या गावाची चव तुमच्या एकटीच्या जिभेवर आहे."

बाई होडीचा दोर जरा जास्त जोराने आवळू लागली. पाहुणा मात्र वाकला, तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात धरलं आणि थुंकून टाकलं.

"कडवट आहे हो! आणि कोमट. असंच असतं का?"

हे ऐकून धक्क्यावरची माणसं गोळा झाली. कुणी हसलं. गावचा मुखिया म्हणाला, "पाहुणे, आमच्या पाण्याची चव परक्या जिभेला काय कळणार? बाई, तुम्हीच सांगून टाका यांना."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. "कालचीच" म्हटलं असतं तर मान राहिला असता, लोक हसत घरी गेले असते. बाईने समोर पाहिलं. तिचे चाळीस दोर पाण्यात होते, दोन वर्षांची वाढ. शेजारी नावाड्याचे, पलीकडे मुखियाचे.

ती गुडघ्यांवर बसली आणि कित्येक महिन्यांनी तळ्याचं पाणी प्याली. घशाशी आल्यासारखं झालं.

"पाहुणा खरं बोलतोय," ती म्हणाली. "तोंड बुजलंय. आणि कधी बुजलं ते मला सांगता येणार नाही, कारण हिवाळ्यापासून मी चाखलेलंच नाही. रोज खोटं सांगत आले."

मग मुखिया ओरडला, "फावडी आणा!"

सारं गाव तोंडाकडे धावलं. तीन दिवस वाळू उपसली. चौथ्या दिवशी समुद्र फेसाळत आत शिरला तेव्हा पाहुण्याचेही हात सोलले होते. निम्मी कालवं वाचली. आणखी दोन दिवस गेले असते तर एकही उरलं नसतं. बाईचे दोर उथळ, लवकर तापणाऱ्या पाण्यात होते. तिच्या चाळीसपैकी सातच दोरांवरची कालवं जगली.

मुखियाने पहिल्या होडीचा मान काढून जाळंवाल्याला दिला. झालं ते बरोबरच झालं, असं बाईला वाटलं. वाईटही फार वाटलं आणि ती घरी जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दार वाजलं. बाहेर जाळंवाला उभा होता, मान खाली घालून.

"बाई, चव बरोबर आहे की नाही ते ओळखायचं कसं? लहानपणापासून मी नुसतं ऐकत आणि सांगत आलोय. चाखलं कधीच नाही. आणि गावात विचारत फिरलो, तर कुणीच चाखलेलं नाही."

बाई त्याच्याबरोबर पाण्यापर्यंत गेली. दोघांनी ओंजळी भरल्या.

"कशी आहे?" त्याने घाईने विचारलं.

बाईने घोट घेतला, पण उत्तर दिलं नाही. "आधी तुम्ही प्या," ती म्हणाली, "आणि तुम्हीच सांगा."

तात्पर्य: स्वतः न पारखलेली गोष्ट खात्रीने पुढे सांगू नये. सांगून बसलोच असू, तर मान जाईल म्हणून कबुली लांबवू नये. तेवढ्या वेळात दुसऱ्यांचंही नुकसान होत असतं.