खापरीतला विस्तव

एका डोंगरी राज्यात एक राजा होता. प्रजेनं उठता-बसता आपली आठवण काढावी, ही त्याची हौस. म्हणून त्यानं दवंडी पिटवली, "शेजाऱ्याकडून विस्तव घ्यायचा नाही. प्रत्येक चूल गडावरच्या विस्तवानंच पेटेल." नाक्यानाक्यावर पाण्याची घागर घेऊन शिपाई बसवले.

आता शेजारणीकडं विस्तवाला गेलं, की चार गोष्टी कळतात, तिच्या आमटीला काय कमी पडलं तेही सांगता येतं. ते सगळं बंद झालं. तरी लोकांनी सोसलं. राजानं धान्यातला आपला वाटा वाढवला तेव्हा सोसलं, वेठीला धरलं तेव्हा सोसलं, तसंच हेही. बायका रोज सकाळी गडावर रांग लावू लागल्या.

पावसाळ्यात साळ्यांच्या आळीतली केशर बाळंत झाली. बाळ अशक्त, हातपाय गार. दिवेलागणीला तिची शेगडी विझली. गडाचा दरवाजा तर केव्हाच बंद झालेला. शेजारच्या तानूमावशीनं खापरीत निखारे घेतले, वर पदर धरला आणि निघाली.

आळीतल्याच रखमाजी शिपायानं अडवलं. "मावशी, हुकूम आहे."

"अरे, बाळ गार पडतंय. तुलाही कुणीतरी शेकलंच असेल ना?"

रखमाजीनं मान खाली घातली आणि पाणी ओतलं. निखारे चर्रकन विझले.

तो आवाज आळीभर गेला. समोरचं दार उघडलं. खापरी घेऊन रखमाजीचीच आई बाहेर आली. "ओत रे, रखम्या. माझ्यावरही ओत." मग दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. बघता बघता सगळं गाव निखारे घेऊन रस्त्यात.

रखमाजीनं घागर खाली ठेवली. आईच्या हातातली खापरी घेतली आणि स्वतःच केशरच्या घरी पोचवली. थोड्या वेळानं आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा बाहेर सगळेच डोळे पुसत होते.

राजानं गडावरून ते निखारे पाहिले. "यांचा पुढारी कोण? धरून आणा त्याला!"

प्रधान म्हणाला, "महाराज, पुढारी कुणीच नाही. सगळे शेजारी आहेत."

दुसऱ्या दिवसापासून गडावर कुणी फिरकलं नाही. ना विस्तवाला, ना वेठीला, ना पहाऱ्याला. राज्य गेलं. कारभार पंच बघू लागले. गडावरची चूलही विझली. मग एका सकाळी राजा रिकामी खापरी घेऊन तानूमावशीच्या दारात उभा राहिला.

मावशीनं त्याला खालीवर न्याहाळलं. निखारे घातले. "सांभाळून ने, बाबा. वारा आहे. वर उपरणं धर."

तात्पर्य: माणसं स्वतःचे हाल पुष्कळ सोसतात, पण शेजारच्या लेकराला ऊब द्यायला निघालेला हात अडवला, तर ती राजालाही जुमानत नाहीत.