कुलूप मागितलं कोणी?

सकाळपासून अनसूयाबाईंना काहीतरी काळंबेरं वाटत होतं. एरवी 'ए म्हातारे' म्हणणारे वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक नाडगौडा आज 'आई, आई' करत होते, नाश्त्याला शिरा होता आणि रोज दुपारी जेवणानंतर खोल्यांना बाहेरून लागणारी कुलुपं गायब होती.

सरकारी तपासणीस बाई दारात दिसल्या तेव्हा उलगडा झाला. अनसूयाबाई सरळ पुढे झाल्या. "बाई, हे आम्हाला रोज दुपारी कोंडून ठेवतात."

नाडगौडा हसले. "मॅडम, आजींना भ्रम होतो. त्यांचं बोलणं खरं धरू नका."

"मग दाराला बाहेरून एवढी जाड कडी कशाला?" तपासणीस बाईंनी विचारलं.

नाडगौडा अडखळले. "ती... आजींनीच सांगितलं. भीती वाटते, कुलूप लावत जा म्हणाल्या."

अनसूयाबाईंनी पदर सावरला. "साहेब, माझं बोलणं खरं धरायचं नाही ना? मग तेवढं एकच कसं धरलंत? मी शुद्धीवर असेन तर आत्ताचं ऐका, नसेन तर तेव्हाचं का ऐकलंत?"

तपासणीस बाईंनी सुतार बोलावून सगळ्या बाहेरच्या कड्या आपल्यासमोर काढायला लावल्या.

त्या दुपारी सगळी मंडळी अंगणात गप्पा मारत बसली. अनसूयाबाई मात्र खोलीत गेल्या, स्वतःच्या हाताने दार लोटून घेतलं आणि निवांत झोपल्या.