हौसाची इर्जिक

एका गावात एक कर्ती होती. कर्ती म्हटल्यावर तुम्हाला कुणी पोक्त बाई वाटेल. छे हो! ही हौसा, दहावीतली पोर. आईवडील पाठोपाठ गेले, आणि दोन चिमुरडी भावंडं, चूल, शेत सगळं हिच्या गळ्यात आलं.

त्या गावात इर्जिकीची रीत होती. एखाद्याचं काम अडलं, की त्यानं हाक द्यायची. घरटी एक माणूस जायचं, काम उरकायचं आणि त्याच्याकडे जेवून परतायचं. हौसा शाळा बुडवून सगळ्यांच्या इर्जिकीला जायची. स्वतः मात्र कधी हाक देत नसे. "पोर मोठी मानी हो!" असं लोक म्हणत, आणि हौसाला ते फार गोड लागे.

गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी पाहते तर काय, हरभरा पार वाळलेला! तो सकाळच्या दवातच उपटावा लागतो. उन्हं चढली की घाटे फुटून दाणे मातीत. आणि पेपराला जायची एस.टी.ही सकाळचीच. भावंडांच्या तोंडचा घास कसा सोडायचा? हौसानं पेपर सोडायचं ठरवलं.

संध्याकाळी शेजारच्या गोदामावशींना हे कळलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग हाक दे की!"

"नको मावशी. लोक म्हणतील, पोरीला झेपत नाही."

मावशी भडकल्या. "आमच्या कांद्याला तू आलीस, ते आम्हाला झेपत नव्हतं म्हणूनच ना? तेव्हा काय मी तुला भिकारीण वाटले?"

हौसाचा चेहरा खर्रकन उतरला. ती तशीच उठली. पहिल्या दारातून तर ती एकदा मागेच फिरली. मग एका दमात म्हणाली, "उद्या आमच्याकडे इर्जिक आहे. मला पेपर आहे."

"आलोच म्हणून समज!" घरधनी म्हणाला. "कधीची वाट बघतोय आम्ही."

सकाळी बांधावर माणसंच माणसं. हौसा उपटायला वाकली, तर मावशींनी तिला हाताला धरून रस्त्याला लावलं. "एस.टी. गाठ आधी! जेवण संध्याकाळी घाल."

संध्याकाळी हौसानं सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. जीव इतका हलका झाला होता, की पिठल्यात मीठ घालायचंच राहिलं. तरी सगळ्यांनी ते पुन्हापुन्हा मागून खाल्लं. तिनं स्वतः घास घेतला, तेव्हा बिचारी ओशाळली.

मावशी हसल्या. "गणित आलं ना? मग मीठ उद्या शिक."

तात्पर्य: दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणाऱ्यानं आपल्या अडचणीत हाक द्यायला लाजू नये. मदत करणं जितकं मानाचं, तितकंच ती घेणंही.