हौसाबाई तीनदा म्हणाली

"तीनदा म्हणाली, बुवा! 'पोरं बसतात हो तिथं, पोरं बसतात, पोरं बसतात.' आता ही कुठली युक्ती, सांगा बघू?"

श्रीनिवासनं वही उघडून बुवांच्या पुढ्यात धरली.

दुपार होती. त्रिंबकबुवा देवळाच्या ओवरीत पाय पसरून बसले होते. मी शेजारी झांजांच्या दोऱ्या बदलत होतो.

हा श्रीनिवास बुवांकडे सात वर्षं कीर्तन शिकला. श्रोत्यांना कुठं हसवायचं, कुठं थांबायचं, कुठल्या शब्दावर बायकांचा पदर डोळ्याला जातो, ते सगळं बुवांनी सांगितलं आणि यानं वहीत उतरवलं. तेव्हापासून कुणी साधं 'जेवायला चल' म्हटलं तरी हा त्यातली मेख शोधतो. हुशार आहे, मी नाही कुठं म्हणतोय? पण त्याच्या हुशारीचा मला मनापासून कंटाळा आहे.

गावानं त्याला शाळा समितीचा अध्यक्ष केलंय. सोमवारी शाळा उघडणार. शाळेत खिचडी शिजवणारी हौसाबाई कालच्या सभेत उभी राहिली आणि म्हणाली, दुसरीच्या वर्गाची मागची भिंत कललीय. भिंत बांधणारा कंत्राटदार म्हणाला, काही झालेलं नाही. वर्ग उघडायचा की बंद ठेवायचा, ते आज संध्याकाळी श्रीनिवासच्या सहीनं ठरणार होतं.

"तूच सांग," बुवा म्हणाले.

"घोकून घोकून मनावर ठसवायचं. पुनरुक्ती! मग रडली. म्हणजे करुण रस. मग म्हणते, 'माझा नातू आहे त्या वर्गात.' घातला की नाही माझ्या काळजाला हात? शेवटी तर कहर केला. 'उद्या काय झालं तर देवाला काय सांगाल?' सरळ भीती घातली. सगळी सभा पाघळली, बुवा. मी नाही पाघळलो."

"वा."

"तुमचीच शिकवण."

"आणि कंत्राटदार?"

"त्याचं बोलणं एकदम साधं. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. वीस वर्षं हेच काम करतोय म्हणाला. भिंत ठणठणीत आहे म्हणाला. खाली बसला."

"खिशातनं कागद काढला असेल."

श्रीनिवास चपापला. "हो. नकाशाचा. तुम्हाला कसं कळलं?"

"वाचून दाखवला?"

"नाही... नुसता वर धरला."

"मीही धरतो कीर्तनात. पोथीचं पान म्हणून."

"ते जुनं, पिवळं पान? त्यावर काय लिहिलंय?"

"काही नाही. कोरं आहे."

मला हसू आवरेना. श्रीनिवासला मात्र हसू आलं नाही. त्यानं पेन्सिल काढली आणि कंत्राटदाराच्या नावापुढं घाईघाईनं काहीतरी लिहिलं.

"म्हणजे दोघांनीही युक्त्या वापरल्या," तो म्हणाला. "तिच्या चार, त्याची एक. तरी तोच बरा ठरतो."

बुवांनी पाय आणखी लांब केले.

"वर्ग उघडायचा, असंच ठरवतोय मी. बरोबर ना, बुवा?"

तेवढ्यात श्रीनिवासचे डोळे विस्फारले.

"बुवा, विंचू!"

मी वळून पाहिलं. ओवरीच्या फटीतून चांगला बोटभर काळा विंचू बाहेर आला होता. नांगी वर करून तो बुवांच्या टाचेकडे निघाला होता.

बुवा हलले नाहीत.

"बुवा, विंचू! विंचू आहे हो, पाय घ्या!"

"तीनदा म्हणालास," बुवा शांतपणे म्हणाले. "लिही."

"अहो, काय लिही! चावेल तो!"

"भीती घालतोयस."

"बुवा, पाया पडतो तुमच्या... तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं?" तो रडकुंडीला आला. खोटं कशाला बोलू, माझ्याही हातातली झांज खाली पडली होती.

"आवाज छान लावलास," बुवा म्हणाले. "करुण आहे."

श्रीनिवासनं वही टाकली. पुढे झेपावून त्यानं बुवांचे दोन्ही पाय धरले आणि त्यांना फरफटत बाजूला ओढलं. बुवांचं धोतर पायरीला अडकून टरकलं. विंचू जरा थांबला आणि आला तसा फटीत शिरला.

श्रीनिवास धापा टाकत होता. बुवांचे पाय अजून त्याच्या हातातच होते.

"एवढं ओरडलो मी..." तो म्हणाला. "तुम्ही एकदा खाली बघितलंसुद्धा नाही."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

श्रीनिवासचा चेहरा हळूहळू उतरत गेला. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण असा पडलेला चेहरा कधी पाहिला नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं, हेही सांगून टाकतो.

"शाळा माझ्या घरापासून चार पावलांवर आहे," तो पुटपुटला. "काल सभेतनं मी सरळ घरी गेलो. वही पुरी करायला."

"भिंत बांधतात तेव्हा दोरीला वजन लावून सरळ आहे का बघतात ना," बुवा म्हणाले, "तो ओळंबा मारुती गवंड्याकडे आहे. माझं नाव सांग, देईल."

श्रीनिवास उठला. पायरीपर्यंत गेला. तिथं थबकला.

"बुवा, पण भिंत सरळच निघाली तर?"

"तर सही करायच्या आधी हौसाबाईला जाऊन सांग," बुवा म्हणाले. "किती दिवस झोपली नसेल ती."